खिळा

मलप्रभेचा पूल ओलांडून लोंढ्याच्या रस्त्याला लागलं
की आधी वास येतो, मग लाकडाची गिरणी दिसते.

पंचवीस वर्षं मी खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
एक्स-रे काढतो.
श्वास धरा, म्हणतो. सोडा, म्हणतो.
न कापता आतलं बघायची सवय.
इथं कापल्याशिवाय काहीच कळत नाही.

टेबल करायचंय. घरचं, हातचं.
मालन म्हणाली, बेळगावात तयार मिळतं की,
खडेबाजारात, हप्त्यावर.
मिळतं, म्हटलं मी,
आणि रविवारी पिशवीत टेप, खडू, दोन भाकरी टाकून निघालो.

ओंडके उताणे पडलेले.
बुडख्यावर वनखात्याच्या हातोडीचा शिक्का,
टोकांना चुना, चिरू नयेत म्हणून.
दस्तगीरमामा तिगडी एकेकाची ओळख करून देतात,
लग्नघरात पाहुण्यांची करून द्यावी तशी:
"हा साग. ह्याचा दर विचारू नका ओ.
हा मत्ती, तुमचा ऐन. सालीवर मगर बघा.
नीट वाळला तर ठीक, नाहीतर रंध्याला रडवतोय.
फणस घ्या की, देवाचे पाट होतात.
ते नंदी... ते राहू दे, ते दुसऱ्याचं आहे."

मी बोटांनी ठोकून बघतो, छाती ठोकतात तसं.
मामा हसतात. "असं नाही ओ."
एका टोकाला माझा कान लावायला लावतात,
दुसऱ्या टोकाला किल्लीनं टकटक करतात.
अख्ख्या झाडातून येते ती टकटक,
न सांडता.

बिबला घेतला. पावतीवर त्यांनी होन्ने लिहिलं.
पैसे तेवढेच.

पट्टा गरगरला.
सालीखालून लाल चीक आला
आणि माझा हात उगाच कापूस शोधायला लागला.
पिवळा भुसा मामांच्या पापण्यांवर,
माझ्या चहात.
पहिली फळी. दुसरी.
तिसरीला किंकाळी, ठिणग्या.
"निल्सू! निल्सू!"
करवतीचे सात दात गेले.

पक्कडीनं ओढून काढला:
बोटाएवढा, चौकोनी, लोहाराच्या हातचा.
त्याच्यावर चार बोटं लाकूड चढलेलं.
मामा वर्तुळं मोजायला लागले, एरडू, मूरू, नाल्कू,
तिसाच्या पुढं सोडून दिलं.

कुणी मारला असेल?
नंबराचा पत्रा लावायला, म्हटलं मी.
हमाल भरमाणी दोन पावलं मागं सरकला:
कणकुंबीकडं भूत बांधतात झाडाला, काढायचा नव्हता.
किंवा कुणी गवळ्यानं, तांब्या अडकवायला.
तांब्या नेला असेल त्यानं.
मामांना त्याचं काही नव्हतं.
भुशातून चुंबकानं दात वेचत
ते दोन भाषांत शिव्या देत होते, अगदी सावकाश.

फळीवर खिळ्याच्या जागी डाग,
निळाकाळा, वीतभर, वर शेपटी गेलेला.
लोखंडाचं आणि बिबल्याचं पटत नाही.
मी फळी उन्हाकडं धरली, फिल्म धरतो तशी.
आरपार काही दिसलं नाही.

"ही टाकू. दुसरी देतो, ह्याच दरात."
हीच पाहिजे, म्हटलं.
मामा बघत राहिले. मग म्हणाले,
"आणि दातांचे पैसे?"

दातांचे पैसे दिले.

फळ्या आता माडीवर वाळतायत,
मध्ये काठ्या घालून, वारा खेळेल अशा.
इंचाला एक वर्ष, मामांनी बजावलंय,
घाई केली की वाकल्याच.
तोवर आम्ही जमिनीवरच जेवतो.
रात्री कधी वरून कट् असा आवाज येतो.
"तुमचं भूत," म्हणते मालन, आणि भात वाढते.

खिळा माझ्या शर्टाच्या खिशात असतो.
परवा कापोलीच्या एका पोराचा हात हलत होता,
धरायला मीच वाकलो.
फिल्म धुतली तर
पोराच्या काडीएवढ्या हाडांशेजारी
तो, पांढराशुभ्र, चौकोनी.

डॉक्टरांनी उजेडात धरून खूप वेळ बघितलं.
म्हणाले, पुन्हा काढा.